घोडं तेच, मांड वेगळी

रविवारी संध्याकाळी शर्यत संपते आणि दहा मिनिटांत ते वाक्य येतं. "अहो, गाडीच तशी आहे त्याची!" टपरीवर येतं, फोनवर येतं, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या भाच्याकडूनही येतं. इतकी वर्षं मी सुपरबाइकच्या शर्यती बघतोय, पण आपल्या लाडक्या स्वाराबद्दल हे वाक्य बोलणारा एकही माणूस मला भेटलेला नाही. आपला जिंकला की तो वाघ. दुसरा जिंकला की त्याची गाडी भारी. आपला हरला की पुन्हा गाडीच, फक्त या वेळी ती भंगार. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण निदान नाचणाऱ्याच्या तोंडी होती. आता ती बघ्यांनी उचलली आहे.

मला या वाक्याचा राग येतो. ज्या माणसाने ताशी अडीचशेच्या वेगात ब्रेक दुसऱ्यापेक्षा दहा मीटर उशिरा धरला, त्याच्या छातीची किंमत त्यात शून्य होते. म्हणून आज याचा हिशोब मांडतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाईट गाडी चांगल्या स्वाराला हरवू शकते. चांगली गाडी साध्या स्वाराला जगज्जेता करू शकत नाही. पहिलं वाक्य खरं आहे, म्हणून दुसरं खोटं ठरत नाही.

वर्ल्ड सुपरबाइक ही स्पर्धा १९८८ साली सुरू झाली. तिचा पाया असा की, ट्रॅकवर धावणारी गाडी दुकानात विकायला असलीच पाहिजे. मोटोजीपीची गाडी तुम्हाआम्हाला कुणी विकत देणार नाही. सुपरबाइक देतात. सस्पेन्शन, ब्रेक, एक्झॉस्ट, इलेक्ट्रॉनिक्स बदलायला मुभा असते, इंजिनात नियम सांगतील तेवढाच हात घालता येतो. टायर २००४ पासून सगळ्यांना एकाच पिरेलीचे. म्हणजे या खेळात गाडी पैसे मोजून घरी आणता येते. तरीही गाडीचीच आरती ओवाळायची असेल, तर खेळ बघायचा कशाला? शोरूमच्या काचेला नाक लावून उभं राहावं.

आता जुनी गोष्ट. नव्वदच्या दशकात नियम असा होता की, दोन सिलिंडरच्या गाडीला १००० सीसीपर्यंत मोकळीक आणि चार सिलिंडरला ७५० सीसीची मर्यादा. कार्ल फोगर्टी डुकाटी ९१६ वर १९९४ आणि १९९५ ची अजिंक्यपदं घेऊन गेला. लोक म्हणाले, सीसी जास्त आहे, जिंकणारच. मग १९९६ मध्ये फोगर्टी होंडाकडे गेला, चार सिलिंडरच्या आरसी४५ वर. चार शर्यती जिंकला आणि वर्षाअखेर चौथा आला. झालं! बघा, डुकाटी काढून घेतली आणि फोगर्टी उघडा पडला, असं सांगायला सगळे मोकळे.

जरा थांबा. त्याच वर्षी, त्याच होंडाच्या गॅरेजात, त्याच आरसी४५ वर आरॉन स्लाइट दुसरा आला. गाडी एक, माणसं दोन, क्रमांक वेगळे. आणि जॉन कोसिन्स्की त्या वर्षी डुकाटीवर होता. ज्या गाडीवर कुणीही जिंकतं असं म्हणत होते, तिच्यावर तो तिसरा आला. अजिंक्यपद गेलं ट्रॉय कॉर्सरकडे, डुकाटीवरच.

पुढच्या वर्षी जे घडलं ते कुणी मुद्दाम जुळवूनही जुळवलं नसतं. फोगर्टी परत डुकाटीकडे गेला आणि होंडावरच्या त्याच्या जागी कोसिन्स्की आला. सरळ अदलाबदल. १९९७ चा जगज्जेता कोण? होंडावरचा कोसिन्स्की. दुसरा डुकाटीवरचा फोगर्टी, तिसरा पुन्हा होंडावरचा स्लाइट. त्यानंतर फोगर्टीने १९९८ आणि १९९९ अशी दोन्ही वर्षं डुकाटीवर घेतली.

आता या चार ओळींतून 'गाडीच तशी आहे' हे वाक्य मला कुणीतरी सरळ काढून दाखवावं. डुकाटी जिंकवते म्हणाल, तर कोसिन्स्कीला १९९६ मध्ये तिने का जिंकवलं नाही? होंडा हरवते म्हणाल, तर १९९७ मध्ये तिने कुणाला हरवलं? मला यात एकच गोष्ट दिसते. घोड्याला मांड ओळखता येते. फोगर्टीची मांड डुकाटीवर बसली, कोसिन्स्कीची होंडावर. पाठीवर कोण बसलंय हे विचारल्याशिवाय घोड्याची किंमत ठरत नाही, हे आपल्याकडे घोडेबाजारात पोरंही सांगतील.

जुन्या काळी तसं असेल, आता सगळं कॉम्प्युटर चालवतो, असं तरुण मंडळी म्हणतात. ठीक आहे, २०१९ घेऊ.

डुकाटीने त्या वर्षी पानिगाले व्ही४ आर आणली. अल्वारो बाउतिस्ता मोटोजीपीतून आला आणि पहिल्या अकरा शर्यती ओळीने जिंकला. फिलिप आयलंडला तीन, बुरिरामला तीन, आरागॉनला तीन, आणि बर्फाने शनिवार वाया गेलेल्या आसेनला दोन. मोसमाच्या सुरुवातीलाच असा धडाका या स्पर्धेने पाहिला नव्हता. सगळीकडे एकच ओरड झाली, ही गाडी अन्याय आहे. नियम करणाऱ्यांनीही ऐकलं. आरागॉननंतर डुकाटीच्या इंजिनाची कमाल फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला २५० ने छाटली, १६,३५० वरून १६,१०० वर आणली. पुढच्याच आसेनला बाउतिस्ता छाटलेल्या इंजिनावर दोन्ही शर्यती जिंकला.

याच गाडीवर त्याच वर्षी आणखी कोण होतं, हे त्या ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी पाहिलं? फॅक्टरी संघात त्याच्या शेजारी चॅझ डेव्हिस होता. कच्चा खेळाडू मुळीच नाही, डुकाटीवर कितीतरी शर्यती जिंकलेला. पाठीच्या दुखण्यातून तो नुकता उठला होता, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. खासगी संघांतून मायकेल रिनाल्डी आणि युजीन लाव्हर्टी याच गाडीवर होते. अख्ख्या मोसमात या चौघांनी मिळून सतरा शर्यती जिंकल्या. त्यातल्या सोळा बाउतिस्ताच्या आणि एक, लागुना सेकाची, डेव्हिसची. डेव्हिस वर्षाअखेर सहावा होता. विजय एकाने मिळवले आणि कात्री चौघांच्या इंजिनाला लागली. डेव्हिस, रिनाल्डी, लाव्हर्टी यांनी कुणाचं घोडं मारलं होतं?

आणि मग बाउतिस्ता पडायला लागला. हेरेझला पडला, मिसानोला पडला, पुढेही पडत राहिला. अजिंक्यपद जोनाथन रे घेऊन गेला, तेही दीडशेच्या वर गुणांनी पुढे राहून, ज्या कावासाकीला अकरा शर्यती मागे टाकलं होतं तिच्यावर बसून. तेव्हा टपरीवर कुणी म्हणालं नाही, गाडीच तशी आहे. बाउतिस्ता जिंकत होता तेव्हा श्रेय गाडीचं होतं, पडला तेव्हा चूक मात्र त्याच्या एकट्याची झाली. जमाखर्च असा लिहितात का? नफा मालाच्या खाती आणि तोटा नोकराच्या खाती?

पुढे काय झालं तेही ऐका. बाउतिस्ता २०२२ आणि २०२३ मध्ये डुकाटीवर जगज्जेता झाला. २०२३ मध्ये तर छत्तीसपैकी सत्तावीस शर्यती जिंकला. या वेळी मंडळींनी त्याच्या अंगाकडे बोट दाखवलं. हा किरकोळ अंगाचा आहे, म्हणून सरळ रस्त्यावर निसटतो. २०२४ पासून नियम आला की, कपडे-हेल्मेटसह स्वार ८० किलोच्या खाली असेल, तर फरकाच्या निम्मं वजन गाडीत भरायचं. आधी इंजिन छाटलं, मग स्वारावर वजन लादलं. ज्यांनी नियम लिहायचे त्यांनी पाच वर्षांत दोन्ही बाजूंनी निकाल देऊन पाहिला. मला विचाराल तर दुसरा नियम जास्त प्रामाणिक आहे. निदान त्यात कबुली आहे की जिंकणारी गोष्ट खोगिरावर बसलेली होती.

इथे जरा ट्रॅकवरून उठून माझ्याबरोबर एका टायरच्या दुकानात चला. आमच्या भागात एक टायरवाले आहेत, मोठ्या गाड्यांचं काम करतात. परवा त्यांच्याकडे भिंतीला दोन काढलेले मागचे टायर टेकवून ठेवले होते. दोन्ही एकाच मॉडेलच्या लिटर-क्लास गाड्यांचे. पहिला टायर मधोमध सपाट झाला होता, रोडरोलर फिरवल्यासारखा. दोन्ही कडांना मात्र दोन-दोन बोटं रुंद कोरी पट्टी, नव्या टायरवरचे रबराचे बारीक केससुद्धा शाबूत. दुसऱ्या टायरची कड उकळल्यासारखी खरबरीत होती, रबराच्या गोळ्या वळून चिकटल्या होत्या आणि मधला भाग अजून बरा होता. टायरवाल्यांनी पहिल्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "हा हायवेवर पळतो." दुसऱ्यावर अंगठा दाबला. "हा कोइमतूरला ट्रॅकवर जातो." दोन्ही गाड्यांना दोनशेच्या आसपास अश्वशक्ती, तोच संगणक, तेच ब्रेक. एका मालकाने आपल्या वीस लाखांतला मधला चार बोटं भागच वापरला होता. महागडं घोडं घेतल्याने मांड येत नाही, याचा पुरावा त्या भिंतीला टेकून उभा होता. (हायवेवाल्या मालकाला मी दोष देत नाही. आपल्या रस्त्यांवर कडा कोऱ्या राहिलेल्याच बऱ्या. पण त्याने रविवारी टीव्हीसमोर बसून 'गाडीच तशी' म्हणू नये.)

आता समोरच्या पक्षाचं जे खरं आहे ते द्यायला हवं. बाउतिस्ता २०२० मध्ये होंडाकडे गेला. अकरा शर्यती ओळीने जिंकणारा हा माणूस तिथल्या दोन वर्षांत एकही शर्यत जिंकला नाही. त्याचे हात-पाय, डोळे, काळीज सगळं तेच होतं. आणि त्याच्यानंतर २०२५ पर्यंत त्या होंडावर दुसरा कुणीही जिंकला नाही. इथे गाडीनेच माणसाला धरून ठेवलं, हे मी मान्य करतो. रेचे आकडेही तेच सांगतात. होंडावर सहा मोसमांत पंधरा विजय. २०१५ मध्ये कावासाकीवर बसला आणि पहिल्याच वर्षी चौदा विजय आणि अजिंक्यपद. तेव्हापासून ओळीने सहा वर्षं जगज्जेता, कावासाकीवर एकूण १०४ विजय. गाडी बदलली नसती तर जोनाथन रे हे नाव आपण आज ज्या आदराने घेतो त्या आदराने घेतलं नसतं. यात माझं दुमत नाही.

पण कावासाकीच्या गॅरेजात रेच्या शेजारी कोण होतं, तेही सांगा ना. टॉम साइक्स. २०१३ चा जगज्जेता, कावासाकीवरच. ती गाडी त्याने वाढवली होती, तिची प्रत्येक खोड त्याला पाठ होती. घर त्याचं, पाहुणा रे. तरी चार वर्षांत पाहुण्याने त्याला एकदाही मोसमात पुढे जाऊ दिलं नाही.

म्हणून म्हणतो, गाडी उंबरठा आहे. उंबरठा फार उंच असला तर चांगला माणूसही अडखळतो. ओलांडून आत आल्यावर घरात काय करायचं, ते उंबरठा सांगत नाही.

आणि कधी कधी एखादा असा येतो की उंबरठ्याची उंचीच खोटी ठरते.

तोप्राक राझगात्लिओग्लू. तुर्कस्तानातल्या अलान्याचा. वडील आरिफ एका चाकावर मोटरसायकल चालवण्यासाठी तिकडे नावाजलेले होते आणि २०१७ मध्ये मोटरसायकलच्याच अपघातात गेले. पोराने २०२१ मध्ये यामाहावर अजिंक्यपद घेतलं, रेची सहा वर्षांची सद्दी मोडून. २०२३ पर्यंत यामाहावर जिंकत राहिला. मग २०२४ साठी त्याने बीएमडब्ल्यू निवडली. लोकांनी डोक्याला हात लावला. बीएमडब्ल्यूला २०२३ मध्ये एक विजय मिळाला नव्हता. २०१४ पासून २०२३ पर्यंतच्या दहा वर्षांत मिळून एक, तोही पावसातल्या छोट्या शर्यतीत. चांगले चांगले स्वार त्या गाडीवर बसून खाली मान घालून उतरले होते.

२०२४ मध्ये तोप्राकने तिच्यावर अठरा शर्यती जिंकल्या, त्यातल्या तेरा ओळीने. माग्नी-कूरला सरावात पडून छातीला मार बसला, सहा शर्यती घरी बसून काढल्या, तरी जगज्जेता तोच. त्या गाडीला कमजोर म्हणून सांगाड्याच्या सुट्या भागांची खास सवलत होती. लगेच काहींनी ठरवून टाकलं की सवलतीनेच जिंकला. २०२५ च्या मोसमाआधी ती सवलत काढून घेतली. २०२५ चा जगज्जेताही तोप्राकच.

आणि त्याने मागे सोडलेली यामाहा? तिच्यावर २०२४ मध्ये कोण बसलं माहीत आहे? खुद्द जोनाथन रे. सहा वेळचा जगज्जेता. यामाहाच्या चारही प्रमुख स्वारांना मिळून त्या वर्षी एक शर्यत जिंकता आली नाही. रेला तर २०२५ अखेर निवृत्त होईपर्यंत तिच्यावर एकही नाही. माणूस एका घरातून उठला आणि विजय त्याच्या मागोमाग निघून गेले. १९९७ च्या अदलाबदलीत निदान वादाला जागा होती. इथे मला ती दिसत नाही.

एक माणूस मात्र इथे सुटता कामा नये, तो म्हणजे फिल मॅरन, तोप्राकचा क्रू चीफ. यामाहात तो होता, बीएमडब्ल्यूतही तोप्राक त्याला घेऊन गेला. स्वार ट्रॅकवरून येतो, हेल्मेट काढायच्या आधी दोन वाक्यं बोलतो, कधी नुसता हात हलवून दाखवतो की पुढचं चाक असं पळतंय. त्या हातवाऱ्यावरून फोर्कची स्प्रिंग बदलणारा माणूस लागतो. आपण ज्याला 'गाडी' म्हणतो ती बरीचशी या बोलण्यातून तयार होते. म्हणून दुसऱ्याच्या बोलण्यातून तयार झालेल्या यामाहावर रेला दोन वर्षं घर सापडलं नाही, यात मला त्याची हार दिसत नाही. वाईट मात्र फार वाटलं. असा माणूस अखेरच्या वर्षांत मधल्या घोळक्यात बघायला नको होता.

तोप्राकचा ब्रेक ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. सरळ रस्ता संपत आलाय. बाजूचे दोघं ताठ होतात, वाऱ्याला छाती देतात, ब्रेक धरतात. हा अजून टाकीवर वाकलेलाच. मग धरतो. पुढचा फोर्क एका झटक्यात तळाला जातो, मागचं चाक जमीन सोडतं, आधी बोटभर, मग वीतभर. साधा माणूस इथे लिव्हर सोडतो, सोडलाच पाहिजे. हा सोडत नाही. सगळं वजन पुढच्या चाकावरच्या तळहाताएवढ्या रबरावर पेलून, मागचं चाक हवेत असतानाच तो गाडीचं तोंड वळणाकडे फिरवायला लागतो. मागचं चाक टेकतं तेव्हा ते आधीच्या ओळीवर नसतं, बाजूला सरकलेलं असतं, आणि गाडी आतल्या बाजूने पुढे गेलेली असते. कुठलाही संगणक हे करून देत नाही. शेजारच्या बॉक्समध्ये त्याच्याच संघातल्या फान डर मार्ककडे तीच बीएमडब्ल्यू होती, त्याने २०२४ मध्ये एक शर्यत जिंकलीसुद्धा, पण हे त्याने कधी केलं नाही, कुणीच केलं नाही. बापाने मागच्या चाकावर जे केलं ते पोरगं पुढच्या चाकावर करतंय. हे बघून झाल्यावर कुणी मला गाडीचा माहितीपट दाखवायला लागलं, तर माझं डोकं फिरतं.

२०२६ साठी तोप्राक गेला यामाहाच्याच मोटोजीपी गाडीवर. त्याची बीएमडब्ल्यू राहिली मागे, आणि तिच्यावर आले दानिलो पेत्रुची आणि मिगेल ओलिवेरा. दोघांनीही मोटोजीपीत शर्यती जिंकलेल्या आहेत, दोघांनाही ब्रेक कसा धरायचा हे शिकवायची गरज नाही. गाडी तीच, दोन वर्षं जगज्जेती ठरलेली. घोडामैदान जवळच आहे. फिलिप आयलंडची शर्यत बघाल तेव्हा गुणतक्ता नंतर बघा. तिथे चौथ्या वळणाआधी जोरात ब्रेक धरावा लागतो. त्या वळणावर त्या बीएमडब्ल्यूचं मागचं चाक जमिनीवर राहतं की सुटतं, तेवढं बघून ठेवा आणि मग मला फोन करा.